कलकत्त्यात दोन दिवस
(धम्मसहलीस निघणाऱ्या उपासक-उपासिकांसमोर दिलेले भाषण)



बुद्धगयेला जाताना हावड्याला गाडी बदलायची, एखादी साडी घ्यायची आणि पुढे निघायचे, अशी आपल्या मंडळींची रीत आहे. यंदा कलकत्त्यासाठी दोन दिवस ठेवावेत, एवढीच विनंती करायला मी उभा आहे.

पहिला दिवस चौरंगीवरच्या भारतीय संग्रहालयाला द्या. १८१४ साली स्थापन झालेले हे देशातले सर्वांत जुने संग्रहालय. लोक तिथे ममी बघायला धावतात. धावू द्या. आपण भारहूतच्या दालनात जायचे. मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यातील भारहूतचा स्तूप कनिंगहॅम यांना १८७३ साली सापडला. गावकऱ्यांनी त्याचे दगड घरांसाठी नेले होते. उरलेला तांबड्या दगडाचा कठडा आणि तोरण त्यांनी कलकत्त्याला हलवले, म्हणून ते वाचले. इथे तथागतांची मूर्ती शोधू नका. इसवी सनापूर्वीच्या या शिल्पांत बोधिवृक्ष, रिकामे आसन, पावलांच्या खुणा आणि धम्मचक्र आहे. जेतवनाच्या जमिनीवर नाणी अंथरणारा अनाथपिंडिक मात्र मुलांनासुद्धा ओळखता येईल.

पण शिल्पांपेक्षा मी म्हणेन, कोरलेली अक्षरे बघा. ती राजाची प्रशस्ती नव्हे. कोणी खांब दिला, कोणी आडवी शिळा दिली, त्यांची ती नावे. नाशिकच्या गोरक्षिता नावाच्या बाईने एक खांब दिला. करहाटक निगमाने, म्हणजे आपल्या कराडच्या नगरसंस्थेने, दान दिले. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकचे दान विंध्याच्या पलीकडे गेले, आणि आज ते नाव वाचायला आपण कलकत्त्याला जायचे!

ही अक्षरे मधल्या काळात कोणालाच वाचता येत नव्हती. ती वाचली जेम्स प्रिन्सेप यांनी, याच शहरात, १८३७ साली. हे गृहस्थ टांकसाळीत नाण्यांचा कस पाहणारे अधिकारी. सांचीच्या कठड्यावरील छोट्या लेखांचे ठसे त्यांच्यापुढे होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. हे दात्यांचे लेख असावेत आणि ते शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांनी तर्क केला. तिथून लिपी उलगडली आणि सम्राट अशोक पुन्हा बोलू लागला. म्हणजे सम्राटाचे शब्द उघडण्याची किल्ली निघाली ती साध्या उपासकांच्या दानलेखांतून. मला तरी याहून मोठी गोष्ट त्या शहरात दिसली नाही. प्रिन्सेप १८४० साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारले. हुगळीकाठी त्यांच्या नावाचा घाट आहे; संध्याकाळी तिथे बसावे.

दुसऱ्या दिवशी पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटी पाहा. राजस्थानातील बैराटहून आणलेला अशोकाचा शिलालेख तिथे आहे. भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही कोणते सात धम्मपर्याय वारंवार ऐकावेत, हे सम्राटाने त्यात नावानिशी सांगितले आहे. नंतर कॉलेज स्क्वेअरमधील महाबोधी सोसायटीचा धर्मराजिक चैत्य विहार (१९२०) आणि बो बॅरॅक्सजवळचा धर्मांकुर विहार. चितगावचे कृपाशरण महास्थविर यांनी १८९२ साली बंगालच्या बौद्धांची सभा स्थापन केली, तिचा हा विहार. आणि एक आठवण बरोबर न्या: १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने.

वैशाखात गेलात तर बुद्धपौर्णिमा आणि रवींद्र जयंती मागेपुढे येतात. जोडासांकोचा ठाकुरवाडा आता संग्रहालय आहे. शहरात कुठे ‘चंडालिका’चा प्रयोग असेल, तर तिकीट काढाच. आनंद थेर तहानलेले येतात आणि चांडाळकन्येकडे पाणी मागतात, हा प्रसंग रवींद्रनाथांनी १९३३ साली नाटकात आणला. महाडचा संगर होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. भाषा बंगाली असली तरी आपल्या बायाबापड्यांना तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

संग्रहालय सोमवारी बंद असते; त्या बेताने आरक्षण करावे. ब्राह्मी अक्षरांचा तक्ता मी कार्यालयात ठेवला आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने निदान ‘दानं’ एवढा शब्द गिरवून घ्यावा.