नाव पुढे आले, आणले कोणी?

एका दैनिकात उपसंपादक असताना मी मथळा दिला होता : ‘कटात सामील तरुणाला अटक’. पोलिसांनी फक्त संशय व्यक्त केला होता. सामील हे मीच ठरवले. ‘संशयावरून’ हा शब्द लांब होतो, मथळ्यात मावायचा नाही, असे तेव्हा वाटले. पुढे तो मुलगा निर्दोष सुटला. ती बातमी आतल्या पानावर, चार ओळींत.

मराठीत या कामाला शब्द पुष्कळ आहेत. घरातली साखर संपली की धाकट्यावर आळ येतो. ठपका चौकशी समिती ठेवते, म्हणजे निदान चौकशी तरी झालेली असते. ‘लागेबांधे’ला तेवढेही लागत नाही, एका गल्लीत राहणे पुरते. आपल्या घरातल्या उर्दूत ‘मुलव्विस’ म्हणतात. त्याच्या मुळाशी मळ, डाग असा अर्थ आहे. ‘बेलौस’ त्याच घरातला. म्हणजे निकालाआधीच अंगाला डाग!

सगळ्यात लबाड प्रयोग ‘त्याचे नाव पुढे आले’ हा. नाव काय पायांनी चालत येते? कोणी घेतले, कुठे घेतले, हे विचारा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब साध्या खटल्यात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. मकोकाखाली मात्र ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा होऊ शकतो. ‘नाव आले’ या दोन शब्दांत हा सगळा फरक गडप होतो.

आता आपल्याकडे येतो. अटकेच्या रात्रीच मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘पोरांना गोवले’ असे फिरू लागते. गोवले म्हणजे कोणीतरी जाणूनबुजून खोटे रचले. तोही आरोपच झाला, आणि त्यालाही पुरावा लागतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत नऊ मुस्लिम पुरुष पकडले गेले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. एक जण तोवर वारला होता. आरोपमुक्त म्हणजे खटला चालवण्याइतकाही आधार सापडला नाही. ‘गोवले’ म्हणायला तिथे हातात न्यायालयाचा आदेश होता. पहिल्या रात्री कोणाच्याच हातात काही नसते.

परवा तो जुना मथळा काढून मोजला. तेरा अक्षरे. ‘संशयावरून तरुणाला अटक’ हीसुद्धा तेराच.