ई-चलान मान्य नसेल तर

माणगावहून म्हसळ्यामार्गे श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जाणाऱ्या गाड्यांच्या मालकांना दंडाची सूचना आता बहुधा मोबाइलवर येते. पण चलान म्हणजे आरोप. तो नाकारण्याचा हक्क मालकाला आहे. आधी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर चलानाचा फोटो उघडून गाडीचा रंग, बनावट आणि पाटी नीट पाहावी. पेण कार्यालयाचा क्रमांक एमएच-०६, शेजारच्या रत्नागिरीचा एमएच-०८. एक अंक चुकीचा वाचला गेला, की दंड भलत्याच्याच माथी!

चूक आढळल्यास दंड भरण्याआधीच ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रार नोंदवावी. भरल्यावर गुन्हा मान्य केल्यासारखे होते, म्हणून ही घाई टाळलेली बरी. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, गाडीचा फोटो आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा, जसे पेट्रोलची पावती, जोडावा.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत नोंद जपावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ सांगतो. तक्रार फेटाळली गेली, तरी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर बाजू मांडता येते. लोकअदालतीत तडजोड होते, मात्र तिच्या निवाड्यावर अपील नाही.