एका वर्गाला दोन बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



येत्या जूनपासून आपल्या बालवाडीत दुसऱ्या बाई नेमाव्यात, की त्याच पैशांत अंगणाला फरशी घालावी, हा प्रश्न आज मंडळापुढे आहे. फरशी हवीच; पावसाळ्यातला तो चिखल मीही काढते. तरी मी दुसऱ्या बाईंच्या बाजूने बोलायला उभी आहे.

यंदा आपल्याकडे एका मुलीला कमी ऐकू येते. कानाला यंत्र आहे. एक मुलगा अजून बोलत नाही, गलका झाला की कान झाकून कोपऱ्यात बसतो. मुले पंचवीस आणि बाई एकट्या. त्यांनी गाणे म्हणून घ्यावे, की कोपऱ्यात जावे? “अशा मुलांना त्यांच्या शाळेत घाला,” असे काही जणी म्हणतात. अहो, ती शाळा दोन बस बदलून जायची, आणि पोर चार वर्षांचे! शिवाय गल्लीतल्या मुलांशी त्याची गट्टी जमायची कधी?

आम्ही तिघी मध्यंतरी दोन बाईंची एक बालवाडी पाहून आलो. एक नेहमीच्या बालवाडीच्या, दुसऱ्या विशेष शिक्षण घेतलेल्या. एक गोष्ट सांगत होत्या, दुसऱ्या तीच चित्रांनी आणि हातांच्या खुणांनी दाखवत होत्या. खुणा सगळ्याच मुलांनी उचलल्या होत्या! बाई खिडकीकडे पाठ करून उभ्या राहत नाहीत; उजेड तोंडावर हवा, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला ओठ दिसतात. भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांत लावलेला: खेळ, हात धुणे, डबा, गोष्ट. पुढे काय होणार हे कळले, की घाबरणारे मूल शांत राहते.

मला विशेष पटले ते असे, की दुसऱ्या दिवशी दोघी कामे बदलतात. विशेष बाई त्या दोन मुलांनाच चिकटून बसल्या, तर त्या सांभाळणाऱ्या बाई होतात आणि मुले वर्गात असून वेगळीच राहतात. मुले गेल्यावर दोघी अर्धा तास बसून उद्याचे ठरवतात.

“आमची मुले मागे पडतील,” हीही भीती ऐकली. पंचवीस मुलांमागे चार डोळ्यांऐवजी दोनच असावेत, असे कोणत्या आईला वाटेल?

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. 1957 मध्ये ते कोसबाडला गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर त्यांनी कुरणात शाळा नेली. मूल येत नसेल तर शाळेने वाकायचे, ही रीत आपल्याकडचीच आहे.

सरकारनेही 2023 साली दिव्यांग बालकांना अंगणवाडीत सामावून घेण्याची पद्धत आखून दिली. पण तिथे एक सेविका आणि एक मदतनीस. विशेष शिक्षिका नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला, तो शाळांपुरता. बालवाडीचे आपणच पाहायचे.

फरशी पुढच्या वर्षी वाणाच्या आणि भिशीच्या पैशांतून होईल. ही दोन मुले तोवर चार वर्षांची राहणार नाहीत.

ठराव झाला, तर त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. येणाऱ्या बाईंची भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी पाहावी. दोघींचा पगार सारखा ठेवावा. आणि त्या अर्ध्या तासाचाही पगार द्यावा.