व्यायामाचा नेम आणि दुखणें

व्यायामाचा नेम आळसानें मोडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळ घरांतील अनुभव मात्र निराळा आहे. पहांटे उठून साठ सूर्यनमस्कार घालणारा गृहस्थ आळशी नसतो. एके दिवशीं त्याला ताप भरतो, किंवा पाय घसरून घोटा मुरगळतो, आणि पंधरा दिवस नेम बंद पडतो. सोळाव्या दिवशीं तो पूर्वींचेच साठ नमस्कार घालावयास जातो. वीस होतांच धाप लागते, अंग थरथरूं लागतें, मन खट्टू होतें. ‘पूर्ण बरें वाटल्यावर पाहूं,’ असें म्हणून तो सतरंजी गुंडाळून ठेवतो. आणि ती सतरंजी पुढें कित्येक वर्षें तशीच कोपऱ्यांत पडून राहते. दुखण्यानें नेलेले दिवस पंधराच; बाकीचीं वर्षें नेलीं तीं साठ या आंकड्याच्या हट्टानें.

नेमाचीं दोन अंगें आहेत: एक वेळ आणि दुसरें माप. वेळ स्थिर राहावी आणि माप शरीराच्या त्या दिवसाच्या बळाप्रमाणें बदलावें, हें ज्याला साधलें त्याचा नेम दुखण्यांतहि टिकतो. सुश्रुतसंहितेंत व्यायाम अर्ध्या बळानेंच करावा, असें सांगितलें आहे; आणि श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धें बळ खर्च झालें, अशी त्याची खूणहि दिली आहे. हें अर्धें बळ गेल्या वर्षींच्या बळाचें नव्हे, आज जेवढें आहे त्याचें. निरोगी माणसाचें अर्धें आणि दुखण्यांतून उठलेल्याचें अर्धें हीं सारखीं कशीं असतील? त्याच ग्रंथांत कृश झालेल्यांना आणि श्वास, कास, क्षत यांनीं पीडलेल्यांना व्यायाम वर्ज्य केला आहे, हेंहि विसरतां कामा नये.

ताप अंगांत असतां हृदयाचे ठोके आधींच वाढलेले असतात. कांहीं विषाणुजन्य तापांत हृदयाच्या स्नायूलाहि सूज येण्याचा संभव असतो, आणि अशा वेळीं केलेले श्रम जिवावर बेतूं शकतात. म्हणून ‘घाम काढला म्हणजे ताप उतरेल,’ या समजुतीनें जोर काढणें हा पराक्रम नसून अविचार आहे. तापांत विश्रांति हाच त्या वेळचा नेम. ताप उतरल्यावरहि छातींत दुखणें, भोंवळ येणें, थोड्या श्रमानें धाप लागणें, यांपैकीं कांहीं जाणवल्यास डॉक्टरांना विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

दुखापतीची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथें एक अवयव जायबंदी होतो, सारें शरीर नव्हे. इ. स. १८९४ मध्यें अमेरिकेंतील येल विद्यापीठांत एक प्रयोग झाला. त्यांत केवळ एका हाताला मूठ आवळण्याचा सराव दिला असतां दुसऱ्या, सराव न केलेल्या हाताचेंहि बळ वाढल्याचें आढळलें. पुढें अनेक प्रयोगांनीं यास दुजोरा दिला. बळ केवळ स्नायूंत नसतें. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेचाहि त्यांत वांटा असतो. म्हणून उजवा हात प्लॅस्टरमध्यें असतांना डाव्यानें केलेला व्यायाम फुकट जात नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत गुडघ्याला व मांडीला दुखापत झालेले सैनिक शिकागो येथील एका लष्करी रुग्णालयांत महिनेच्या महिने पडून होते. तेथील डॉ. टॉमस डिलॉर्म यांना तरुणपणींच संधिवाताच्या ज्वरानें अंथरुणास खिळविलें होतें, आणि पुढें त्यांनीं वजनें उचलून आपलें शरीर कमावलें होतें. त्यांनीं या सैनिकांकडून वजनें उचलविलीं. आपल्या पद्धतीचा वृत्तांत त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केला. पुढें या पद्धतीला जें सुटसुटीत रूप आलें तें असें: रुग्णाला ओळीनें दहा वेळां उचलतां येईल एवढें जास्तींत जास्त वजन ठरवावयाचें, प्रथम त्याच्या निम्म्यानें, मग पाऊणपटीनें आणि शेवटीं पूर्ण वजनानें दहा दहा वेळां उचलावयाचें. बळ वाढलें कीं वजन पुन्हा ठरवावयाचें. जखमेपूर्वीं सैनिक किती उचलीत होता, याचा या हिशेबांत संबंधच नव्हता.

महाराष्ट्रालाहि असें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. मुष्टियुद्ध संपलें, व्यायाम मात्र संपला नाहीं. उपचार म्हणून ते पाण्यांत उतरले, आणि जें पायांना शक्य नव्हतें तें बाहूंनीं केलें. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडासामन्यांत पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत जिंकली आणि भारताला या सामन्यांतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. गेलेल्या पायांची वाट पाहत ते बसले असते, तर हातांचें बळ कोणास कळलें असतें?

प्रत्येकानें पदक मिळवावें, असा याचा अर्थ नाहीं. साठ नमस्कारांच्या गृहस्थानें सोळाव्या दिवशीं, डॉक्टरांची हरकत नसल्यास, त्याच पहांटे तीच सतरंजी पसरावी आणि पांचच नमस्कार घालावेत. दुसऱ्या सकाळीं थकवा उरला नसेल तर एखादा वाढवावा. सांधा अधिक ठणकत असेल तर दोन कमी करावेत. घोट्यानें नमस्कार होत नसतील, तर बसून हातांचा व्यायाम करावा. पांच नमस्कार घालण्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. साठांची संख्या कदाचित् चार महिन्यांनीं परत येईल, कदाचित् उतारवयांत कधींच येणार नाहीं. परंतु सतरंजी रोज पसरली जात आहे तोंवर नेम मोडला, असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.