डोंगरावर चढलेली आगबोट



आगबोट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणची बोट उभी राहते. आम्ही आज सांगणार आहोत ती आगबोट समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवर चालली. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून ही उंची अधिक! पेरू आणि बोलिव्हिया यांच्यामध्ये पसरलेले टिटिकाका सरोवर हे तिचे ठिकाण. तिथे उघड्या भांड्यात पाणी सुमारे ८७ अंशांवरच उकळते. डाळ शिजवणाऱ्या गृहिणीला विचारा, तिचे काय होत असेल!

हमालांच्या संघटनेत आमची हयात गेली. त्यामुळे कोणतीही अवजड वस्तू दिसली की ‘ही इथवर कोणी आणली?’ असे विचारण्याची आम्हांला खोड आहे. इथे तर अख्खी आगबोटच आहे.

१८६१ साली पेरू सरकारने इंग्लंडात दोन लोखंडी बोटी मागवल्या. नावे यावारी आणि यापुरा. ही दोन्ही नावे नद्यांची. सरोवराला समुद्राकडून जलमार्ग नाही, म्हणून बोटी सुट्या भागांत पाठवल्या. २,७६६ तुकडे! प्रत्येक तुकडा खेचराच्या पाठीला पेलेल एवढाच ठेवायचा, असा आराखडा. १८६२ मध्ये हा माल आरिका बंदरात उतरला. तिथून ताक्ना गावापर्यंत आगगाडी होती, साधारण ६४ किलोमीटर. पुढे अँडीज पर्वत, साडेचार हजार मीटरहून उंच खिंडी आणि विरळ हवा. हा सारा प्रवास खेचरांच्या आणि हमालांच्या पाठीवर.

काम सहा महिन्यांत उरकेल, असा हिशेब होता. हिशेब करणारे अर्थातच ओझ्याखाली नव्हते. पहिले कंत्राट मध्येच कोलमडले आणि तुकडे वाटेवर विखरून पडले. त्यात स्पेनशी लढाई जुंपली, डोंगरांतले शेतकरी उठले, आणि १८६८ च्या ऑगस्टमध्ये भूकंपाने व समुद्राच्या लाटांनी आरिका उद्ध्वस्त केले. एवढ्यातूनही तुकडे वर पोचले. पुनो गावी, काठावर, ते जोडले गेले. १८७० च्या नाताळात यावारी पाण्यात उतरली. १८७१ मध्ये ती पहिल्या सफरीवर निघाली. यापुरा त्यानंतर आली.

आता बोट आहे, पण कोळसा कुठे? तो खालून आणणे परवडणारे नव्हते. तेव्हा बॉयलरखाली लामा या जनावराच्या वाळलेल्या लेंड्या जाळल्या. आपल्याकडे चुलीत गोवऱ्या घालतात, त्यातलाच प्रकार. इंधन हलके, पण जागा फार खाणारे. माल भरायचा कुठे, हा प्रश्न आला आणि पुढे यावारीची लांबी वाढवावी लागली. १९१४ मध्ये वाफेचे यंत्र काढून तिथे तेलाचे इंजिन बसवले.

१८७४ साली पुनोला आगगाडी आली. खेचरवाल्यांचा धंदा तिने घेतला, हे सहसा कोणी सांगत नाही. १८७९ च्या युद्धात बोलिव्हियाचा समुद्रकिनारा चिलीने जिंकला, तेव्हा या सरोवराचे मोल वाढले. मोयेंदो बंदरातून पुनोपर्यंत गाडी, पुनोहून बोटीने बोलिव्हियातील ग्वाकीला, तिथून पुढे ला पाझ. बाहेरचे जग गाठण्याची बोलिव्हियाची ती एक मोठी वाट झाली. आणि ती वाट होती कुणाच्या हाती? पेरूचे कर्ज थकले, म्हणून १८९० मध्ये लंडनच्या सावकारांनी पेरूव्हियन कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली. रेल्वे आणि सरोवरातल्या बोटी तिच्याकडे गेल्या. हमाली डोंगरातल्या माणसांची, नफा लंडनला. हा हिशेब आपल्याला नवा नाही.

नंतर मोठ्या बोटी आल्या. कोया १८९३ मध्ये, इंका १९०५ मध्ये. वाफेवरची शेवटची मोठी बोट ओयांता. ती १९३१ मध्ये पाण्यात उतरली. तीही इंग्लंडातल्या हल बंदरी घडून सुट्या भागांतच आली, मात्र या वेळी आगगाडीने. प्रवासी संध्याकाळी पुनोच्या धक्क्यावर गाडीतून उतरून बोटीवर चढत आणि रात्र काढून सकाळी ग्वाकीला पोचत. जहाज डोंगरावर चढलेच कसे, हा प्रश्न तोवर कोणी विचारीनासे झाले होते. यावारी मात्र भंगारात गेली नाही. शंभर वर्षांनंतरही तिची लोखंडी काया शाबूत होती, आणि पुनोलाच तिचे संग्रहालय करण्यात आले.