शाळेतल्या संगणकाची नाडी

मंडळी, शाळेतला संगणक रखडू लागला, की आपण म्हणतो, "म्हातारा झाला, नवा मागवा." थांबा, आधी त्याची नाडी तर पाहू या! विंडोजमध्ये टास्क मॅनेजर घरचाच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातो ते समोर येते. बहुधा ब्राउझरच अधाशी निघतो. प्रोसेसर किती तापला, हे मात्र तो सांगत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूमॉनिटर आहे. पंख्यात धूळ साचली, की त्यातला आकडा चढतो आणि संगणक आपणहून मंदावतो. धूळ काढायला पैसे पडत नाहीत.

पण मला विचाराल, तर पहिला मान क्रिस्टलडिस्कइन्फोचा. हार्ड डिस्क आपल्या बिघाडाची नोंद स्वतःच ठेवते. ती हा वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेलीच समजा. पिवळा दिसला, की त्याच दिवशी मुलांचे गुण आणि दाखल्यांच्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. निळ्यावर विसंबूनही चालत नाही हं. काही डिस्का आगाऊ सूचना न देताच बंद पडतात. तेव्हा दर शनिवारी, शाळा सुटण्यापूर्वी, ही प्रत घेत चला.