बिनगिअरची सायकल आणि नागपूरचे रस्ते
बिनगिअरच्या सायकलीत पुढे एक दातेरी चक्र, मागे एक फ्रीव्हील आणि दोघांना जोडणारी साखळी एवढेच असते. त्यामुळे बिघाड कमी होतात आणि दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानातही होते. नागपूर बहुतांशी सपाट असल्याने कामावर जाण्यासाठी ही सायकल येथे खरोखर सोयीची आहे. सेमिनरी हिल्सचा चढ आणि उड्डाणपूल हे अपवाद.

निवडताना आधी दाते मोजावेत. पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. रोजच्या वाटेवर पूल असेल, तर मागे 20 दात्यांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. साखळी थोडी वाढवावी लागू शकते. वेग किंचित घटतो, पण गुडघ्यांवरचा ताण हलका होतो आणि पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा ही सवलत फार मोलाची ठरते.

पावसाळ्यासाठी मडगार्ड आणि पूर्ण चेनकव्हर हवेच, कारण काळ्या मातीचा चिखल साखळीत घट्ट बसतो. फ्रेमचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. साखळी सैल पडल्यावर मागचे चाक सरकवून ती ताणता येते का, हेही दुकानातच पाहून घ्यावे.